बजाबाईचा अंगठा

३ फेब्रुवारी २०२५, सोमवार

निवृत्तीला आजपासून एकशे सतरा दिवस. आरोही फोनवर म्हणाली, "बाबा, काहीतरी लिहायची सवय लावा, नाहीतर जूनपासून आईच्या स्वयंपाकघरातले डबे मोजत बसाल." पोरगी पुण्यात राहते, पण बापाला बरोबर ओळखते. डायरी विकत आणावी लागली नाही. फिनेल पुरवणारी एजन्सी दर जानेवारीत एक देते. अशा अठ्ठावीस डायऱ्या माळ्यावर कोऱ्या पडल्या आहेत, ही एकोणतिसावी.

तर मी सयाजी हिंदुराव लोंढे, मूळचा जेऊरचा, सोलापुरातल्या या कॉलेजात एकोणतीस वर्षं स्टोअरकीपर. खडूपासून खाटेपर्यंत कॉलेजात जे येतं ते माझ्या कुलपातून जातं. सकाळी सातला मी स्टोअर उघडतो. माझ्या आधी कॉलेजात कुणी येत नाही. झाडणारी बजाबाई पायरीवर बसलेली असते, पण ती काही धरायची नाही. सेवापुस्तकात माझ्या नावावर लाल शाईचा एक ठिपका नाही, आणि तसाच मला बाहेर पडायचं आहे. दुसरी काही इच्छा उरलेली नाही.

आज प्राचार्यांनी नवी टूम काढली. 'जबाबदार खरेदी' म्हणे. यापुढे फक्त स्वस्त बघायचं नाही. वस्तू कुठं बनली, कुणी बनवली, बनवणाऱ्याला नीट वागवतात का, ती वापरणाऱ्याला बाधते का, हे सगळं आधी पाहायचं. त्यासाठी रजिस्टरात दोन नवे रकाने, 'बनवणारे' आणि 'वापरणारे'. समितीच्या प्रमुख रसायनशास्त्राच्या नाजनीन मॅडम. मी म्हटलं, "मॅडम, खुर्ची सुतारानं बनवली आणि बसणारा वापरतो, यात लिहायचं काय?" सगळे हसले. मॅडमही हसल्या आणि म्हणाल्या, "मग पहिली नोंद सोपी झाली की लोंढेसाहेब, त्या सुताराचं नाव लिहा."

मला नाव माहीत नव्हतं.

याहून कहर म्हणजे, वापरणाऱ्यांच्या वतीनं समितीवर बजाबाईला घेतलं आहे. जी बाई रोज सकाळी हजेरीच्या थंब मशीनशी भांडते, ती आता खरेदीवर सल्ला देणार. आजही तेच चाललेलं. अंगठा ठेवते, मशीन इंग्रजीत बोलतं 'प्लीज ट्राय अगेन', ही पदराला अंगठा पुसते, पुन्हा ठेवते. "सायेब, घेतच न्हाय ओ." मी म्हटलं, "सगळ्यांचा घेतं, तुझाच कसा घेत नाही? नीट दाबत नसशील." मग स्टोअरमधून बाटल्या घेऊन गेली.

५ फेब्रुवारी, बुधवार

आज जरा लाज गेली. हॉस्टेलसाठी दोनशे चाळीस चादरी घ्यायच्या आहेत, म्हणून मी नेहमीप्रमाणे तीन दुकानांची तीन कोटेशनं समितीपुढे ठेवली. नेहमीप्रमाणे म्हणजे कसं, ते इथं लिहायला हरकत नाही. एकाच व्यापाऱ्याला सांगायचं, तोच तीन वेगवेगळ्या लेटरहेडवर तीन दर देतो. सगळीकडे असंच चालतं. नाजनीन मॅडमनी तिन्ही पाकिटं हातात घेतली, वाचली नाहीत, नाकाला लावली. "तिन्ही दुकानांत एकाच वासाची उदबत्ती लावतात वाटतं," म्हणाल्या. केवड्याचा वास घमघमत होता. एकोणतीस वर्षांत हे कुणाच्या नाकाला कळलं नव्हतं.

बाई रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी पाकिटं परत दिली आणि चहा मागवला.

११ फेब्रुवारी, मंगळवार

समितीची पहिली खरी बैठक. विषय झाडू, फिनेल आणि फरशी पुसायचे मॉप. मी चार कंपन्यांचे नमुने मांडून ठेवले होते, माहितीपत्रकांसकट.

बजाबाईनं माहितीपत्रकांकडे पाहिलंसुद्धा नाही. एकेक झाडू हातात घेऊन उलटा केला आणि जमिनीवर तीनदा आपटला. दोन झाडूंचा भुसा पडला. "ह्यो बाद. पैल्या दिवशी केर काढतंय, दुसऱ्या दिवसापासनं सोताच केर करतंय." मॉपचा दांडा छातीशी धरून पाहिला. "ह्यो पुरुसाच्या उंचीचा हाय. आमी बाया हाव. चार तास ह्याच्यानं पुसलं तर पाट राहील का?" फिनेल तिनं व्हरांड्यात ओतायला लावलं आणि त्यात अनवाणी उभी राहिली, घड्याळ लावून पाच मिनिटं. एकानं पायाला खाज सुटली, ते बाजूला. मॅडम वहीत भराभर लिहीत होत्या. प्राचार्य पाहतच राहिले. मी तिला तेरा वर्षं ओळखतो, आणि इतकी वाक्यं तिच्या तोंडून कधी ऐकली नव्हती. खोटं कशाला लिहू, मला कौतुक वाटलं. मी असे नमुने कधी तपासले नाहीत, मी फक्त दर पाहत आलो.

शेवटी मॅडमनी विचारलं, "आणि संडास कशानं धुता?" जून २०२३ मध्ये परिपत्रक निघालं होतं की ॲसिड आणायचं नाही. पण नव्या इमारतीला बोअरचं क्षारानं भरलेलं पाणी, भांडी आठवड्यात पिवळी पडतात, तपासणीवाले आले की नाक मुरडतात. ॲसिडशिवाय ते डाग निघत नाहीत. म्हणून मी आणतो, रजिस्टरात 'सफाई द्रव' लिहितो. स्वस्तातलं स्वस्त, कॅनवर चिठ्ठीसुद्धा नसते, त्यातूनच रोज बाटली भरून देतो. मी म्हटलं, "क्लीनर आहे मॅडम, साधं." बजाबाईनं माझ्याकडे एकदा पाहिलं, मग खिडकीकडे. बोलली काही नाही.

बरं झालं. उगाच फाटे फुटले असते.

२० फेब्रुवारी, गुरुवार

बजाबाईला आज रागावलो. स्टोअरमधून बाटली नेताना इश्यू रजिस्टरात तिचा अंगठा घेतो, तिला सही येत नाही. रोज नुसता काळा धब्बा उमटतो. "शाई किती लावतेस? रजिस्टर घाण होतं," म्हटलं. नवीन स्टॅम्प पॅड काढून दिलं. तरी तोच धब्बा. मी एक कोरा कागद घेऊन स्वतःचा अंगठा उठवून दाखवला, रेघ न् रेघ स्वच्छ. "असा उठला पाहिजे." तिनं तो कागद बराच वेळ पाहिला आणि म्हणाली, "लई चांगला हाय ओ सायेब तुमचा." मग बादली उचलून गेली.

६ मार्च, गुरुवार

हा दिवस नीट लिहून ठेवतो.

चादरींसाठी अक्कलकोट रोड एमआयडीसीत गेलो. केवड्याच्या व्यापाऱ्याला बाजूला सारून थेट कारखान्यातूनच घ्यायचं मॅडमनी ठरवलं होतं. मी, मॅडम, बजाबाई, रिक्षानं. नईमभाईंचा कारखाना, बारा माग, खटाखट आवाजात बोललेलं ऐकू येत नाही. नईमभाईंनी खुर्च्या मांडल्या, थंड सरबत मागवलं, चादर उलगडून दाखवली. "बघा साहेब, दहा वर्षं वापरा, रंग जाणार नाही." मी चादर चिमटीत धरून, मान हलवून तज्ज्ञासारखा चेहरा केला.

बजाबाईनं सरबताला हात लावला नाही. म्हणाली, "मला पाणी पायजे. तुमचा न्हाय, कामगारांचा माट कुटं हाय?" नईमभाई गोंधळले. ती स्वतःच आत गेली, आम्ही मागोमाग. कोपऱ्यात माठ होता, वर झाकण, ओगराळं साखळीला बांधलेलं. तिनं आत हात घालून माठाची कड चाचपली, शेवाळ नाही हे पाहिलं, मग एक पेला भरून प्यायली. चादरीचा एक कोपरा त्याच पाण्यात भिजवून आपल्या पांढऱ्या रुमालावर दाबला. रुमाल पांढराच राहिला. मग चादरींना कडा शिवणाऱ्या बायांत जाऊन बसली. गौरम्मा नावाची एक वयस्कर बाई, अर्धं कन्नड अर्धं मराठी बोलणारी. तिला विचारलं, "अक्का, भाकरी कुटं बसून खाता?" गौरम्मानं जिन्याखालची जागा दाखवली, पंखा होता. "नीरु थंड, पंखा हाय, मालक वरडत न्हाय," म्हणाली. "आन् संडास?" गौरम्मा दोरा तोडू लागली, शेजारची हसली. बजाबाई उठली, जाऊन बघून आली आणि नईमभाईंपुढे उभी राहिली.

"समदं बरं हाय. पर बायांच्या संडासाला आतनं कडी न्हाय. एक आत गेली की दुसरीला काम सोडून बाहीर उभं ऱ्हावं लागतंय. कडी बसवा, मग चादर घेऊ."

दोनशे चाळीस चादरींचं काम एका कडीवर अडलं. मला वाटलं नईमभाई चिडतील. ते म्हणाले, "बाई, पंधरा वर्षं हितं साहेब लोक येतात. चादर सगळे बघतात, कडी कुणी बघितली नाही. उद्या बसवतो." मॅडमचे डोळे भरून आले होते. मागाच्या तंतूंनी माझेही चुरचुरत होते.

दुपारी मॅडमनी सगळ्यांसाठी कडक भाकरी आणि शेंगाचटणी आणली होती. बजाबाईनं पिशवीतून चमचा काढला. भाकरीचा चुरा करून चटणी चमच्यानं खाल्ली! समितीवर गेल्यापासून बाईला ऐट आली आहे, दुसरं काय. घरी सौ.ला सांगितलं तर ती हसली नाही. "हाताला काय झालंय का तिच्या?" विचारलं. मला काय माहीत.

१८ मार्च, मंगळवार

चादरी आल्या. सोबत नईमभाईंनी कडी बसवल्याचा फोटो पाठवला, त्यात गौरम्मा कडीला बोट लावून उभी आहे. 'बनवणारे' या रकान्यात मी नईमभाईंचं नाव, तीन विणकरांची नावं आणि 'कडा शिवणारी: गौरम्मा' असं लिहिलं. हे लिहिताना उगाच बरं वाटलं. दुपारी सुताराचं नावही शोधून काढलं. बाळीवेशीतला होता, वारून सहा वर्षं झाली. तरी लिहिलं.

२ एप्रिल, बुधवार

संस्थेनं रोजंदारीवरच्या सात जणांना कायम करायचं ठरवलं आहे. जे यादीत येणार नाहीत ते जूनपासून बाहेरच्या ठेकेदाराकडे जातील, आणि ठेकेदार पन्नाशीपुढची माणसं घेत नाही. बजाबाई एक्कावन्न वर्षांची आहे. अट एकच, चार वर्षांत दर वर्षी किमान दोनशे चाळीस दिवस हजेरी, आणि हजेरी म्हणजे थंब मशीनचा प्रिंटआउट. पंधरा तारखेला संस्थेची बैठक.

आस्थापनेचे बसलिंगप्पा प्रिंटआउट घेऊन बसले होते. बजाबाईचे दिवस पहिल्या वर्षी दोनशे एक्क्याऐंशी, दुसऱ्या वर्षी दोनशे त्रेसष्ट. तिसऱ्या वर्षी एकशे एकाहत्तर, चौथ्या वर्षी एकशे अडतीस. पगारापुरतं सुपरवायझरच्या चिठ्ठीवर भागवलं जायचं, त्या चिठ्ठ्या महिन्याअखेर फाडून टाकल्या जातात.

बजाबाई दारात उभी होती. "म्या रोज येते की ओ. पावसात येते, सासू मेली तवा तिसऱ्या दिवशी आलते."

"बाई, मी काय करू?" बसलिंगप्पा म्हणाले. "तू येतीस ते मला म्हाईत हाय. पण रूल काय सांगतंय? मशीन सांगतंय तेवढंच खरं."

माझ्याकडे पाहिलं तिनं. मी म्हटलं, "नियम आहे बजाबाई." म्हणालो खरा, पण घास गोड लागला नाही. ती रोज येते हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक नाही. मी सातला किल्ली लावतो तेव्हा ती पायरीवर असते. पण माझ्या ठाऊक असण्याचा प्रिंटआउट निघत नाही ना.

४ एप्रिल, शुक्रवार

आज सकाळी तिला बाटली देताना पॅड पुढं केलं, तिनं अंगठा टेकवला, आणि माझ्या डोक्यात एकदम उजेड पडला. अरे, हे काय आहे मग? ही हजेरीच आहे! रोज सकाळी सात-दहा, तारखेसह, माझ्या अक्षरात, तिचा अंगठा. चार वर्षांचा एक दिवस सुटलेला नाही. मी इतका आनंदलो की तिला न सांगताच दार लावून घेतलं आणि चारही रजिस्टरं टेबलावर काढली. दिवस मोजत पानं उलटू लागलो.

एप्रिल २०२१. अंगठा स्वच्छ. रेघा, मध्ये भोवरा, एका कडेला जुन्या कापल्याची खूण. २०२२. भोवरा आहे, कडेच्या रेघा पुसट. २०२३ च्या उन्हाळ्यात मधोमध पांढरं टक्कल. मग ते टक्कल पानागणिक मोठं होत गेलं. दिवाळीपर्यंत चार-सहा तुटके धागे. २०२४ च्या जानेवारीनंतर नुसता काळा धब्बा. शाई जास्त नव्हती. अंगठ्यावर काही उरलं नव्हतं.

आणि प्रत्येक धब्ब्याच्या शेजारी, माझ्या वळणदार अक्षरात, वस्तूचं नाव. ॲसिड. ॲसिड. ॲसिड. जून २०२३ पासून सफाई द्रव, सफाई द्रव, सफाई द्रव. बाटली मी दिली. अंगठा मी घेतला. दोन्ही एकाच ओळीत, रोज, आणि मला दिसलं नाही. मी तिला नवीन पॅड दिलं. माझा अंगठा उठवून दाखवला! ते आठवून तोंडावर मारून घ्यावंसं वाटलं.

तिला मागच्या पडवीत गाठलं. "हात दाखव." तिनं आधी पदराला पुसले, मग पुढं केले. तळवे गुळगुळीत, चकाकणारे, बोटांच्या पेरांना भेगा, भेगांत लाल. चमचा आठवला.

"बोलली का नाहीस कधी?"

"तुमी इचारलंच न्हाय की."

"त्या दिवशी बैठकीत मॅडमनी विचारलं होतं."

"तवा कसं बोलू?" ती म्हणाली. "तुमचे चार म्हैने ऱ्हायलेले. तुमी रोज म्हनता, सेवापुस्तकात डाग न्हाय म्हनून. कशाला लावायचा?"

मी तिथून निघून आलो.

७ एप्रिल, सोमवार

आज जे केलं ते कुणालाच सांगता येण्यासारखं नाही, म्हणून इथं लिहितो. झेरॉक्सच्या दुकानात रजिस्टरं घेऊन गेलो आणि वस्तूच्या रकान्यावर पांढऱ्या कागदाची पट्टी लावून पानांच्या प्रती काढल्या. तारीख दिसते, अंगठा दिसतो, वस्तू दिसत नाही. बजाबाईचं काम होईल आणि माझंही निभावेल. दुकानातल्या पोरीनं विचारलं, "काका, पट्टी चुकून राहिली का? काढू?" मी म्हटलं, "नको."

घरी आल्यावर जेवण गेलं नाही. सौ.ला वाटलं शुगर वाढली.

८ एप्रिल, मंगळवार

सकाळी नव्या रजिस्टरात खडूच्या पेट्यांची नोंद करायला बसलो. आधीचं पान उलटलं तर समोर 'कडा शिवणारी: गौरम्मा'. तीन आठवड्यांपूर्वी हे लिहून माझी छाती फुगली होती. एका रजिस्टरात चादर शिवणारीचं नाव मिरवायचं, आणि दुसऱ्यात जिनं रोज ॲसिड वापरलं तिच्या अंगठ्यासमोरचं वस्तूचं नाव पट्टीखाली दडपायचं. आणि बजाबाई मात्र माझ्या सेवापुस्तकातल्या एका कोऱ्या पानासाठी आपली नोकरी घालवायला निघाली होती. इतकं मोठं मन माझ्याजवळ नाही हे मला कळतं. पण पट्टी तरी काढता येईल.

प्रती फाडल्या. उद्या मूळ रजिस्टरं नेणार.

९ एप्रिल, बुधवार

प्राचार्यांच्या केबिनमध्ये आम्ही पाच जण होतो. प्राचार्य, नाजनीन मॅडम, बसलिंगप्पा, मी, आणि दाराशी बजाबाई. मॅडमनी तिला खुर्चीवर बसायला लावलं.

मी चारही रजिस्टरं उघडून ठेवली. "सर, ही बजाबाईंची चार वर्षांची हजेरी. तिसऱ्या वर्षी दोनशे शहाऐंशी, चौथ्या वर्षी दोनशे नव्वद."

बसलिंगप्पांनी चष्मा लावला आणि बोटानं ठसे पाहत गेले. माणूस वाईट नाही, पण कागदाला कागद लागतो त्यांना. "लोंढे, ह्याला रेघाच न्हाईत की! हा अंगठा कुणाचापण असंल. बैठकीत कुणी विचारलं, हा बजाबाईचाच कशावरून, तर मी काय सांगू?"

"रेघा नाहीत म्हणूनच तो त्यांचा," मी म्हटलं. "या कॉलेजात असा अंगठा दुसऱ्या कुणाचा नाही."

मी पॅड पुढं सरकवलं. बजाबाईनं कोऱ्या कागदावर अंगठा टेकवला. प्राचार्यांनी तो कागद रजिस्टराशेजारी धरला. मग पानं मागं उलटली, २०२४, २०२३, २०२२, पहिल्या पानापर्यंत, भोवऱ्यापर्यंत. कडेला कापल्याची खूण होती. बजाबाईनं आपणहून अंगठा वळवून ती खूण दाखवली. "विळ्यानं कापलेलं, ल्हानपनी. तेवढी शिल्लक हाय."

नाजनीन मॅडम रसायनाच्या. त्यांनी ठसे पाहिले, मग शेजारचा रकाना वाचला, आणि माझ्याकडे पाहिलं. त्यांनी विचारायच्या आत मीच सांगितलं. "ॲसिड आहे मॅडम. परिपत्रकानंतरही मीच आणलं. सफाई द्रव म्हणून मीच लिहिलं. भांडी पांढरी दिसावीत म्हणून."

प्राचार्य हळू आवाजात म्हणाले, "लोंढे, हे मला लेखी घ्यावं लागेल."

"घ्या सर."

"सेवापुस्तकात जाईल."

बजाबाई खुर्चीतून उठली. "सायेबांचं काय बी लिवू नका ओ. त्येंनी मला बाटली दिली, पर मागत तर मीच व्हते. डाग निघना म्हनून." मॅडमनी तिचा हात धरला, तळवा उलटा करून पाहिला आणि बराच वेळ सोडला नाही.

१७ एप्रिल, गुरुवार

यादी लागली. सात नावं, तिसरं बजाबाईंचं. बसलिंगप्पांनी स्वतः मोठ्यानं वाचून दाखवलं आणि त्यांच्या खिशातून पेढे निघाले, म्हणजे माणसानं आधीच आणून ठेवले होते.

मला मेमो मिळाला. खुलासा दिला, तो 'असमाधानकारक' ठरला, सेवापुस्तकात लाल शाईनं दोन ओळी आल्या. घरी सौ.ला दाखवलं. तिनं वाचून म्हटलं, "एकोणतीस वर्षांत पहिल्यांदा खरं काहीतरी लिहिलंय त्यात." ही बाई बोलते कमी, पण बोलली की जेवणाची इच्छा होते. दोन भाकरी जास्त खाल्ल्या.

उरलेले कॅन मॅडमच्या प्रयोगशाळेनं नेले. संडासासाठी आता लिंबाचं सत, सोडा आणि लांब दांड्याचा ब्रश. रबरी हातमोजे बजाबाईंनी निवडले, अकरा नमुने घालून, प्रत्येकात पाणी भरून, उलटे टांगून. भांडी जराशी पिवळट राहतात. कुणी तक्रार केली की त्या सांगतात, "डाग म्हंजी घाण न्हवं. हात लावून बगा."

३० मे, शुक्रवार

माझ्या नोकरीतली शेवटची खरेदी आली ती थंब मशीनची. जुनं बिघडतं म्हणून संस्थेला नवीन हवं. कंपनीचा माणूस टाय लावून, नमुना घेऊन आला. मी फॉर्म भरायला घेतला. 'वापरणारे' या रकान्यात लिहिलं: सर्व कर्मचारी. आणि नियमाप्रमाणे वापरणाऱ्यांच्या प्रतिनिधीला बोलावलं.

बजाबाई हात पुसत आल्या. नेहमीच्या पद्धतीनं मशीन आधी उलटं करून पाहिलं, तेव्हा तो माणूस घाबरला. मग अंगठा ठेवला. मशीन बोललं. पुन्हा ठेवला. डावा ठेवला, तर्जनी ठेवली. दहा बोटं झाली. तो माणूस म्हणाला, "मॅडम, बोट जरा नीट दाबा."

माझं डोकंच सरकलं. "त्या नीटच दाबतात," मी म्हटलं. "तुमच्या मशीनला दिसत नाही."

बजाबाई माझ्याकडे वळल्या. चेहऱ्यावर काही हसू वगैरे नव्हतं, झाडू तपासताना असतो तसाच चेहरा. "सायेब, लिवा. नापास."

लिहिलं. त्यापुढं त्यांनी अंगठा उठवला, गोल, काळा, बिनरेघांचा. प्राचार्यांनी सही केली. दुसरी काही सोय होईपर्यंत कागदी मस्टर.

३१ मे, शनिवार

निरोपाचं जेवण झालं. कडक भाकरी, शेंगाचटणी, दही. बजाबाई माझ्या समोरच्या पंगतीत बसल्या होत्या. वाढणाऱ्यानं त्यांच्या पानाशेजारी आठवणीनं चमचा ठेवला होता. त्यांनी तो बाजूला सारला, भाकरी मोडली आणि बोटांनी चटणी लावून खाल्ली. हळूहळू, चव घेत. मी पाहत होतो म्हणून माझं दही सांडलं.

भाषणात मी काय बोललो आठवत नाही. नाजनीन मॅडमना माळ्यावरच्या अठ्ठावीस डायऱ्या नेऊन दिल्या, पुरवठादाराची भेटवस्तू ठेवायची नाही असा समितीचा नियम आहे म्हणून. एकोणतिसावी वापरली, तीही जाहीर करतो म्हटलं. त्या म्हणाल्या, "ती तुमच्याकडेच राहू द्या."

सकाळचं लिहायचं राहिलं. आज शेवटचा दिवस म्हणून मुद्दाम पावणेसातलाच गेलो. व्हरांड्यातल्या टेबलावर नवीन मस्टर उघडं होतं. पहिल्या ओळीत ओला, काळा अंगठा होता. पायरीवर बजाबाई बसल्या होत्या, म्हणाल्या, "आज लवकर आलात की ओ."

त्यांच्या खालच्या ओळीत सही केली.